सुरी आणि ट्रॉम्बोन : लॅटिन गाण्याचं १९७८ साल

१९७८ साली एकच खुनी तीन शहरांत नव्याने अवतरला. न्यूयॉर्कमध्ये त्याचं नाव होतं पेद्रो नावाहा, रिओ द जानेरोत मॅक्स ओव्हरसीज आणि पुण्यात अंकुश. तिघांचं कूळ एकच. बर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या 'थ्री पेनी ऑपेरा'तला मॅकहीथ, म्हणजे सुरीवाला मॅकी, हा तिघांचा मूळ पुरुष. ३१ ऑगस्ट १९२८ रोजी तो बर्लिनच्या रंगमंचावर आला. तोही स्वयंभू नव्हताच; जॉन गे याच्या १७२८ च्या 'बेगर्स ऑपेरा'तून ब्रेख्तने त्याला उचलला होता. या हिशेबाने १९७८ हे त्या खुन्याचं सुवर्णमहोत्सवी वर्ष आणि त्याच्या आजोबाचं अडीचशेवं. चोर आणि प्रतिष्ठित व्यापारी यांच्यात फरक तो काय, हा प्रश्न घेऊन जन्माला आलेलं हे पात्र. ते कुणाला केव्हा आठवतं, यावरून त्या काळाविषयी बरंच कळतं.

पुढची पानं या तिघांपैकी पहिल्या दोघांच्या मुलखाविषयी आहेत. लॅटिन अमेरिकेच्या आणि न्यूयॉर्कमधल्या तिच्या वसाहतीच्या लोकप्रिय संगीतातलं एक वर्ष, एवढाच त्यांचा विषय. वर्ष निवडताना थोडी मनमानी होतेच. १९७३ घेता आलं असतं. त्या ऑगस्टमध्ये फानिया ऑल-स्टार्स या साल्सा वाद्यवृंदाने न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम दणाणून सोडलं होतं. बहुतेक वाचकांच्या ओळखीचं वर्ष म्हणजे १९९९. रिकी मार्टिन, जेनिफर लोपेझ, एन्रिके इग्लेसियास आणि शेवटी कार्लोस सान्ताना यांनी त्या एका वर्षात अमेरिकी यादीतला पहिला क्रमांक आळीपाळीने बळकावला. पण त्या यशासाठी गाण्यांना इंग्रजीत यावं लागलं. १९७८ मध्ये उलटं घडलं. नाचायच्या गाण्याने सात-सात मिनिटं गोष्ट सांगायची हिंमत केली. स्पॅनिश सोडली नाही, गल्ली सोडली नाही, राजकारणही सोडलं नाही; आणि तरीही ते गाणं हातोहात खपलं. माझा कल या वर्षाकडे आहे तो त्यासाठी.

'लॅटिन संगीत' हे नाव मुळात दुकानदाराचं. क्युबाचा सोन, पोर्तो रिकोची बोंबा आणि प्लेना, डॉमिनिकन मेरेंगे, कोलंबियाची कुम्बिया, ब्राझीलचा सांबा, मेक्सिकोची रांचेरा, आर्जेन्टिनाचा टँगो यांना एकाच फळीवर ठेवण्याची गरज गाणाऱ्यांना कधीच वाटली नव्हती. ती वाटली न्यूयॉर्कच्या रेकॉर्डविक्रेत्यांना. ग्रॅमी पुरस्कारांत 'लॅटिन' असा स्वतंत्र वर्ग आला तोच १९७६ च्या सोहळ्यात, आणि या आख्ख्या खंडासाठी तेव्हा तो एकच वर्ग होता.

न्यूयॉर्कमधल्या लॅटिन वस्तीचं नाचाचं गाणं म्हणजे साल्सा; तिची घडण समजून घ्यायची तर आधी क्युबाचं दार बंद कसं झालं ते पाहावं लागतं. पन्नासच्या दशकापर्यंत न्यूयॉर्कच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये जे वाजे त्याची रसद हवानाहून येत असे. क्रांती झाली, १९६२ मध्ये अमेरिकेने पूर्ण व्यापारबंदी लादली आणि नव्या क्युबन रेकॉर्ड येणं थांबलं. दरम्यान पोर्तो रिकोहून आलेल्या लाखो माणसांची दुसरी पिढी ईस्ट हार्लेम आणि साउथ ब्राँक्समध्ये वाढत होती. ही मुलं घरात स्पॅनिश बोलत, शाळेत इंग्रजी, आणि रस्त्यावर दोन्हींची भेसळ. मूळ झरा आटल्यावर त्यांनी आई-बापांच्या जुन्या क्युबन तबकड्या घेतल्या, त्यांत जॅझ मिसळला, शेजारच्या काळ्या वस्तीतला सोल मिसळला आणि शहराचा खडबडीतपणा ओतला. क्युबन वाद्यमेळात ट्रम्पेट झळकायचा. इथे त्याची जागा ट्रॉम्बोनने घेतली. ट्रॉम्बोनचा आवाज घोगरा, भांडखोर. जळक्या इमारतींच्या ब्राँक्सला तो शोभायचा.

या गाण्याचा धंदा उभा केला फानिया रेकॉर्ड्सने. १९६४ मध्ये दोघांनी ती काढली. एक डॉमिनिकन वंशाचा बासरीवादक जॉनी पाचेको आणि दुसरा इटालियन वंशाचा वकील जेरी मासुची. मासुची आधी न्यूयॉर्क पोलिसात होता आणि पाचेकोच्या घटस्फोटाच्या निमित्ताने दोघांची गाठ पडली. सुरुवातीला गाडीच्या डिकीत रेकॉर्ड भरून दुकानोदुकानी विकणारी ही कंपनी दहा वर्षांत लॅटिन न्यूयॉर्कची अनभिषिक्त मालक झाली. 'साल्सा' हे नाव तिने जगभर नेलं. जुन्या क्युबन वादकांना ते कधी रुचलं नाही. आपल्याच सोनला, आपल्याच ग्वाराचाला नवं लेबल लावलं, असं त्यांचं म्हणणं. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला पोर्तो रिकन वंशाचा तितो पुएन्तेही आपण साल्सा खातो, वाजवत नाही, अशा अर्थाचं चारचौघांत बोलून दाखवी. दोन्ही बाजूंचं खरं आहे. वाद्यं आणि ताल क्युबाचे होते, पण त्यातलं शहर क्युबाचं नव्हतं.

विली कोलोन याच शहराचा. १९५० मध्ये साउथ ब्राँक्समध्ये जन्म, सतराव्या वर्षी 'एल मालो' हा पहिला अल्बम. अल्बमच्या नावाचा अर्थच 'वाईट पोरगा', आणि पुढे काही वर्षं त्याने तो गुंडाचा अवतार चवीने मिरवला. एका अल्बमच्या वेष्टनावर तर त्याने स्वतःला एफबीआयच्या 'पाहिजे आहे' पत्रकात छापून घेतलं. त्याच्या बँडमध्ये गायला होता पोर्तो रिकोच्या पोन्से गावचा एक्तोर लाव्हो. कोलोनचा ट्रॉम्बोन आणि लाव्होचा नाकातला, खोडकर, क्षणात रडवेला होणारा आवाज ही जोडी सत्तरच्या दशकाच्या आरंभी अजिंक्य होती. लाव्होचं व्यसन वाढलं, कार्यक्रमांना उशीर होऊ लागला, आणि १९७४ च्या सुमारास कोलोनने बँड त्याच्या हवाली करून काढता पाय घेतला.

रुबेन ब्लेड्स अगदी वेगळ्या जातकुळीचा. पनामा सिटीत १९४८ मध्ये जन्मलेला, आई क्युबन गायिका आणि पियानोवादक, वडील बोंगो वाजवणारे आणि पोलीस खात्यात. त्याने कायद्याची पदवी घेतली. न्यूयॉर्कला येऊन फानियात नोकरी मिळाली ती टपाल विभागात, पाकिटं उचलण्याची. वकिलाने टपाल वाहायचं आणि त्याच कंपनीच्या गायकांना आपली गाणी ऐकवत फिरायचं, असा हा काळ. मग रे बारेतोच्या बँडमध्ये गाणं, मग कोलोनशी गाठ. १९७७ मध्ये दोघांचा 'मेतिएन्दो मानो' आला. त्यातल्या 'पाब्लो पुएब्लो'मध्ये कारखान्यातून दमून परतणारा, भिंतीवरची निवडणुकीची फाटकी पोस्टरं ओलांडत घरी जाणारा माणूस आहे. नाचाच्या रेकॉर्डवर असा माणूस तोवर क्वचितच दिसला होता.

पुढच्या वर्षी 'सिएम्ब्रा' आला. सिएम्ब्रा म्हणजे पेरणी. त्यात सातच गाणी आहेत. साल्साच्या इतिहासातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत त्याची गणना होते, आणि त्या खपाचं मोठं श्रेय एका गाण्याला जातं.

'पेद्रो नावाहा'ची गोष्ट सांगायला सोपी आहे. जुन्या वस्तीच्या कोपऱ्यावर पेद्रो येतो. लांब कोट, तिरकी टोपी, काळा चष्मा, हसला की चमकणारा सोन्याचा दात, खिशात सुरी. तिकडे फुटपाथवर एक वेश्या चौथ्या-पाचव्यांदा फेरी मारते आहे. दिवसभरात गिऱ्हाईक नाही. पोलिसांची साधी दिसणारी गाडी हळूच निघून जाते. पेद्रो रस्ता ओलांडतो, तिला लुटायला सुरी खुपसतो, आणि त्याच क्षणी तिच्या पर्समधलं रिव्हॉल्व्हर उडतं. दोघंही रस्त्यावर पडतात. कुणी दार उघडत नाही, कुणी काही विचारत नाही. एक दारुडा अडखळत येतो, रिव्हॉल्व्हर, सुरी आणि त्यांच्याकडचे पैसे उचलतो आणि बेसूर गात निघून जातो. आयुष्य कुणाला कसा धक्का देईल सांगता येत नाही, अशा अर्थाचं जे तो गुणगुणतो, तेच मग गाण्याचं पालुपद होतं.

ही कारागिरी नीट ऐकण्यासारखी आहे. साल्साच्या गाण्याचे साधारण दोन भाग असतात. पहिल्यात गायक कवन म्हणतो. दुसऱ्यात, ज्याला मोन्तुनो म्हणतात, कोरस एकच ओळ धरून ठेवतो आणि गायक तिच्या मधल्या जागांत उत्स्फूर्त ओळी भरतो. शाहिरामागे झीलकरी उभे असतात तसा हा कोरस. नाचणाऱ्यांना खरं तर हा दुसरा भागच हवा असतो, म्हणून बहुतेक गाणी पहिला भाग चटकन उरकतात. ब्लेड्सने गणित उलटवलं. गाणं सात मिनिटांहून जास्त, आणि त्यातला मोठा हिस्सा नुसतं कथन. पालुपद नाही, पुनरावृत्ती नाही. साथ सुरुवातीला अगदी मोजकी. मग एकेक वाद्य आत येत जातं, आणि खून होईपर्यंत पूर्ण बँड उभा राहिलेला असतो. दारुडा गायला लागतो तेव्हाच कोरस सुटतो. म्हणजे श्रोत्याला नाचायची मोकळीक मिळते ती दोन मुडद्यांना ओलांडून. मागे सायरन वाजतात, आणि 'वेस्ट साइड स्टोरी'मधल्या अमेरिकेच्या गुणगानाला एक तिरकस टोमणाही मारला जातो. ब्रॉडवेने पोर्तो रिकन पोरांच्या हाती सुऱ्या देऊन त्यांना नाचवलं होतं; वस्तीतल्या लोकांनी त्याची परतफेड वीस वर्षांनी, स्वतःच्या तालावर केली.

ब्लेड्सला मॅकी भेटला तो ब्रेख्तच्या नाटकातून कमी आणि अमेरिकी रेडिओवरून जास्त. बॉबी डॅरिनचं १९५९ चं 'मॅक द नाइफ' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. चटपटीत, टिचक्या वाजवत म्हटलेलं. त्या गोडव्याखालचा खून ब्लेड्सने पुन्हा उघडा केला. शिवाय एक मोठा बदल केला, जो ब्रेख्तलाही आवडला असता असं मला वाटतं. मॅकी नेहमी सुटतो. पेद्रो मरतो, आणि त्याला मारते त्याची शिकार. या एका कलाटणीमुळे हे गाणं नकलेतून बाहेर पडून स्वतःच्या पायावर उभं राहतं. लोकांना मात्र पेद्रो मेलेला रुचला नाही. १९८० मध्ये पोर्तो रिकोत पाब्लो काब्रेराने त्याच्यावर संगीत नाटक केलं, त्यासाठी पुन्हा ब्रेख्तकडे गेला. पुढे मेक्सिकोत चित्रपट निघाला. आणि शेवटी १९८५ मध्ये ब्लेड्सनेच दुसरं गाणं लिहून पेद्रो जिवंत असल्याचं जाहीर केलं. ते दुसरं गाणं पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही.

'सिएम्ब्रा'ची सुरुवात होते 'प्लास्तिको'ने, आणि इथे १९७८ चा बाजार आत डोकावतो. ते डिस्कोचं वर्ष होतं. 'सॅटरडे नाइट फीव्हर' नुकताच आला होता आणि त्याची रेकॉर्ड जगभर वाजत होती. फानियालाही त्या गर्दीत शिरायचं होतं. कोलंबिया कंपनीशी हातमिळवणी करून तिने ऑल-स्टार्सचे बहुसंख्य अमेरिकी श्रोत्यांसाठी मऊ केलेले अल्बम काढले. १९७८ चा 'स्पॅनिश फीव्हर' त्यांतलाच. उत्तम वादक काय वाजवावं हे विसरले की काय होतं, याचा तो नमुना आहे. 'प्लास्तिको'ही डिस्कोनेच सुरू होतो: व्हायोलिनं, फंकी बास, चकचकीत ठेका. श्रोता म्हणतो, हेही गेले त्या वाटेला. मग अचानक ठेका मोडतो आणि खाली साल्सा लागते. दिखाऊ, कर्जबाजारी, प्लास्टिकच्या माणसांची टिंगल सुरू होते. विनोद झकास आहे. पण पुढे गाणं उपदेशाकडे झुकतं, आणि मेकअप करणाऱ्या मुलीला जेवढा मार पडतो तेवढा बँकवाल्यांना पडत नाही. 'पेद्रो नावाहा'त गायक कुणालाच काही शिकवत नाही. म्हणून तेच मोठं गाणं, असं माझं मत आहे.

तरी 'प्लास्तिको'चा शेवट चुकवू नये. तिथे ब्लेड्स हजेरी घेतो. एकेका देशाचं नाव पुकारतो आणि कोरस 'हजर' म्हणतो. पनामा, पोर्तो रिको, मेक्सिको, व्हेनेझुएला… आणि निकाराग्वाचं नाव घेताना तो सोमोसाला वगळून घेतो. त्या वेळी अनास्तासिओ सोमोसा सत्तेवर होता. जानेवारी १९७८ मध्ये त्याचा कडवा टीकाकार संपादक पेद्रो होआकिन चामोरो याचा मानाग्वात भर रस्त्यात खून झाला, ऑगस्टमध्ये सँडिनिस्टा बंडखोरांनी तिथला राष्ट्रीय प्रासाद काबीज केला, आणि जुलै १९७९ मध्ये सोमोसा पळाला. गाण्यामुळे हे घडलं असं कुणी म्हणू नये. पण लग्नात, वाढदिवसाला, बसमध्ये वाजणाऱ्या नाचाच्या रेकॉर्डवर ही मागणी नोंदली गेली होती, ही साधी गोष्ट नाही. ब्लेड्सच्या स्वतःच्या देशालाही त्याच वर्षी हुरूप आला होता. पनामा कालवा परत देण्याचे करार १९७७ च्या सप्टेंबरात झाले होते. अमेरिकी सिनेटने ते १९७८ च्या मार्च-एप्रिलमध्ये, दोन्ही वेळा ६८ विरुद्ध ३२ अशा काठावरच्या मतांनी मंजूर केले. उलट पोर्तो रिकोत २५ जुलै १९७८ रोजी सेर्रो माराविया डोंगरावर दोन तरुण स्वातंत्र्यवाद्यांना पोलिसांनी सापळा रचून ठार केलं. हजेरीतल्या प्रत्येक नावामागे असं काहीतरी होतं, आणि ऐकणाऱ्यांना ते ठाऊक होतं.

याच वर्षातलं दुसरं महागाणं ब्लेड्सने लिहिलं, पण गायलं नाही. 'एल कांतान्ते', म्हणजे गायक. ते त्याने स्वतःसाठी ठेवलं होतं. कोलोनच्या सांगण्यावरून ते एक्तोर लाव्होला दिलं. लाव्होचा अल्बम 'कोमेदिया', निर्माता कोलोन, वेष्टनावर चॅप्लिनच्या वेशातला लाव्हो. गाणं दहा मिनिटांचं. लोक माझं गाणं ऐकायला पैसे मोजतात, मी हसतो का रडतो हे कुणी विचारत नाही, असा त्याचा आशय. ब्लेड्स हुशार होता, पण हे गाणं त्याने गायलं असतं तर ती एक चांगली कविता झाली असती. लाव्होने गायल्यावर तो कबुलीजबाब झाला, कारण ऐकणाऱ्याला त्याची व्यसनं, त्याचे उशीर, त्याचं मोडणं सगळं माहीत होतं. व्हायोलिनांच्या भरजरी पडद्यापुढे त्याचा पातळ आवाज एकटाच उभा आहे. मोन्तुनोत तो हसतो, फिरक्या घेतो, आणि तरी गाणं हलकं होत नाही. १९९३ मध्ये एड्सने तो गेला. मला कुणी या वर्षातलं एकच गाणं निवडायला सांगितलं तर डोकं 'पेद्रो नावाहा' म्हणेल आणि हात 'कोमेदिया'कडे जाईल.

आता रिओ. ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्कर सत्तेवर होतं आणि डिसेंबर १९६८ च्या पाचव्या संस्थात्मक हुकुमाने सेन्सॉरला मोकळं रान मिळालं होतं. गायक-गीतकार शिकू बुआर्के हे सेन्सॉरचं आवडतं गिऱ्हाईक. त्याच्या नावाचं काहीही आलं की नामंजूर. शेवटी त्याने 'जुलिन्यू दा आदेलाइदे' नावाचा एक कवी कल्पिला, त्याच्या नावावर गाणी पाठवली, आणि ती बिनबोभाट मंजूर झाली. या नसलेल्या माणसाची वर्तमानपत्रात मुलाखतही छापून आली. १९७८ पर्यंत हुकूमशाहीची पकड ढिली होत होती. पाचवा हुकूम वर्ष संपताच रद्द व्हायचा होता. त्या फटीतून शिकूचा नवा अल्बम बाहेर पडला आणि त्यात कित्येक वर्षं बंदीत असलेली गाणी एकदम आली. त्यांतलं 'कालिसी' त्याने जिल्बेर्तू जिलबरोबर लिहिलं होतं. १९७३ च्या एका महोत्सवात ते दोघं गाऊ लागले तेव्हा ध्वनिक्षेपक बंद पाडण्यात आले होते. आता ते मिल्टन नासिमेन्तूच्या आवाजासह रेकॉर्डवर होतं.

आणि जुलैमध्ये रंगमंचावर आला 'ऑपेरा दू मालान्द्रू'. मालान्द्रू म्हणजे सांब्याच्या दुनियेतला ठक: पांढरा सूट, टोपी, चकाट्या आणि खिशात वस्तरा. शिकूने मॅकीला हा वेश चढवला, १९४० च्या दशकातल्या, वार्गासच्या हुकूमशाहीखालच्या लापा वस्तीत नेऊन ठेवलं, आणि त्याला अमेरिकी मालाचा चोरटा व्यापारी केलं; म्हणून मॅक्स 'ओव्हरसीज'. कालच्या हुकूमशहाच्या आडून आजच्यावर बोट ठेवण्याची ही रीत सेन्सॉरला कळत नव्हती असं नाही, पण पकडायची कशी हा प्रश्न होता. नाटकातलं 'जेनी इ उ झेपेलिन' हे गाणं घरोघर पोचलं. जेनीला शहर रोज दगड मारतं. आकाशातून तोफा लावलेलं झेपेलिन हवाई जहाज येतं, त्याचा सेनापती एका रात्रीसाठी जेनी मागतो. पाद्री, महापौर, सावकार तिच्या पाया पडतात. ती शहर वाचवते. आणि सकाळी दगड पुन्हा सुरू होतात. शिकू आणि ब्लेड्स यांच्यात हा फरक आहे. ब्लेड्सच्या गल्लीत दारं बंद राहतात. शिकूचं शहर दारं उघडून बाहेर येतं, गरज संपेपर्यंत.

पुण्याचा उल्लेख वर केला आहे तो ओढूनताणून नव्हे. याच १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांड्यांचं 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनात रंगमंचावर आणलं. अंकुश झाला होता मुंबईचा रॉकगायक नंदू भेंडे. लावणी, नाट्यपद आणि पाश्चात्त्य पॉप एकाच नाटकात नांदवण्याची ती करामत होती. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते, आणि तिच्याविरुद्ध पु. ल. जाहीर सभांतून बोलले होते. ज्या समाजाने सत्ताधाऱ्यांचा आणि गुंडांचा चेहरा नुकताच एकत्र पाहिलेला असतो, त्याला मॅकी आठवतो, एवढंच या योगायोगावरून म्हणता येईल. मराठी वाचकाला या पुस्तकात शिरायला ही वाट सोयीची आहे. पुढे मात्र आपण पुण्याकडे वळणार नाही.

वर्षभरात इतरही बरंच घडत होतं. हवानाहून इराकेरे हा बँड उन्हाळ्यात थेट न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये येऊन वाजवून गेला. बंद दाराच्या पलीकडे क्युबाचं संगीत थांबलेलं नव्हतं, उलट जॅझ, रॉक आणि आफ्रो-क्युबन पूजेचे ढोल घेऊन कुठल्या कुठे पोचलं होतं, हे न्यूयॉर्ककरांना तेव्हा प्रत्यक्ष दिसलं. सेलिया क्रूझ आणि पाचेको यांचा 'एतेर्नोस' त्याच वर्षाचा. फानियाच्या पुरुषी गर्दीत सेलिया ही जवळपास एकटी बाई. तिच्याइतकीच ताकदवान आणि जास्त बेभान असलेली ला लूपे तोवर बाजूला पडली होती, आणि या अन्यायाचा स्वतंत्र विचार पुढे एका प्रकरणात केला आहे. एडी पाल्मिएरीने 'लुकुमी, माकुम्बा, वूडू' काढला. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर खंडभरच्या स्वयंपाकघरांतल्या रेडिओवर यातलं फारसं काही नव्हतं. तिथे हुलिओ इग्लेसियास, होसे होसे, कामिलो सेस्तो यांची प्रेमगीतं होती. त्या गाण्यांना नाक मुरडायची टीकाकारांची सवय मला पटत नाही. लोक दुपारी रडायलाही गाणं मागतात.

ग्रॅमीचं काय झालं? १९७९ च्या सोहळ्यात लॅटिन वर्गाचा एकमेव पुरस्कार तितो पुएन्तेला मिळाला, त्याच्या बेनी मोरे या दिवंगत क्युबन गायकाला वाहिलेल्या अल्बमसाठी. अल्बम चांगला आहे. पण ज्या वर्षी हे संगीत पुढे झेपावलं, त्या वर्षीचा सन्मान मागे वळून पाहणाऱ्याला गेला.

ही लाट फार टिकली नाही. कोलोन आणि ब्लेड्स काही वर्षांत वेगळे झाले. मानधनाच्या हिशेबावरून फानियाशी कलावंतांचे खटके उडाले, दशक संपता संपता कंपनीची रया गेली, आणि ऐंशीच्या दशकात साल्सा गुळगुळीत प्रेमगीतांकडे वळली. डॉमिनिकन मेरेंगेने नाचाचे मजले तिच्याकडून हिसकावले. ब्लेड्सने १९८५ मध्ये हार्वर्डमधून कायद्यातली पदव्युत्तर पदवी घेतली, १९९४ मध्ये पनामाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून तिसरा आला, आणि २००४ ते २००९ देशाचा पर्यटनमंत्री होता. 'सिएम्ब्रा'च्या पंचविशीनिमित्त २००३ मध्ये सान हुआनच्या स्टेडियमवर दोघं पुन्हा एकत्र उभे राहिले. त्या कार्यक्रमाच्या पैशांवरून पुढे दोघं कोर्टात गेले.

वाचकाला एकच विनंती. ही पानं गाणी ऐकल्याशिवाय वाचू नका. क्रम असा ठेवा: आधी 'पेद्रो नावाहा', शब्दांकडे लक्ष न देता, फक्त क्लावे पकडत. दोन लाकडी दांड्यांचे ते पाच ठोके कधी ऐकू येतात, कधी नुसते जाणवतात, पण सगळी वाद्यं त्यांच्याभोवतीच उभी असतात. मग पहिलं प्रकरण वाचा आणि तेच गाणं गोष्ट म्हणून पुन्हा ऐका. 'एल कांतान्ते' रात्रीसाठी ठेवा. पोर्तुगीज येत नसलं तरी शिकू बुआर्केला संधी द्या. आणि 'स्पॅनिश फीव्हर' एकदाच ऐका, तेही अर्धंच, पुरेसं आहे.